समजा काहीच झालं नाही तर

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, असं लोकांना वाटतं. खरं तर तो लिफ्ट पाडतो. नवी लिफ्ट बसली की केबिनमध्ये लोखंडी वजनं भरायची, ती मुद्दाम सुसाट खाली सोडायची आणि ब्रेकचे जबडे रुळांना धरतात की नाही ते बघायचं, हे त्याचं काम. 'मी पाडून बघितल्याशिवाय कुणाला वर पाठवत नाही,' असं तो छाती फुगवून सांगतो. एरवी तो कशाबद्दलच छाती फुगवत नाही, म्हणून मी ऐकून घेते.

या माणसाला मुलगी झाली आणि मुलीला दमा निघाला.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, रोजचं औषध चुकवू नका, दम लागला की तोंडात मारायचा निळा पंप कायम जवळ ठेवा आणि मुलीला इतर मुलांसारखं खेळू द्या. पहिल्या दोन गोष्टी भावजयीने सांभाळल्या. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, तिचं सगळं टापटीप असतं. तिसऱ्या गोष्टीपाशी मात्र भावाचं घोडं अडलं. पोरगी धावली की हा मागून धावायचा, पोरगी हसली की हा तिच्या पाठीला कान लावायचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो हे मला कळतं. पण हा पाणीसुद्धा फुंकायला लागला होता.

व्हायचं तेच झालं. दमा औषधाने आटोक्यात आला आणि भीती मोकाट सुटली. पोरीचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू व्हायला लागलं. समजा पंप हरवला तर? समजा पंप आहे, पण बॅगेची चेनच अडकली तर? मी तिचं नाव समजाबाई ठेवलं. तिला ते आवडलं. निदान आत्या तिच्याकडे रडवेल्या तोंडाने बघत नव्हती.

शाळेच्या दोन सहली तिने अशाच घालवल्या होत्या. दोन्ही वेळा बसमध्ये चढली, खिडकीतून बापाचा चेहरा बघितला आणि उतरली. आता तिसरी सहल आली होती, समुद्राकाठचं दीपगृह बघायला. समजाबाई माझ्या लाँड्रीत आली, इस्त्रीच्या टेबलाखाली बसली आणि म्हणाली, "आत्या, या वेळी पण उतरले ना, तर त्या मला परत विचारणारच नाहीत." त्या म्हणजे वर्गातल्या मैत्रिणी. मी एका परक्या माणसाचा शर्ट तीनदा इस्त्री केला.

भावाला मात्र उपाय सुचला. तो म्हणाला, "जे जे होऊ शकतं ते आधी करून बघायचं. पाडून बघायचं. मग भीती कसली?"

अशा आमच्या घरात संकटांच्या तालमी सुरू झाल्या.

पहिलं संकट होतं पंप गटारात पडण्याचं. सगळे रस्त्यावर उतरलो. रिकामा पंप गटारात टाकायचा आणि पोरीने न घाबरता दुसरा काढायचा, असं ठरलं होतं. भावाने नेम धरून टाकला. भावजय उरलेला हलवून बघत शांतपणे म्हणाली, "रिकामा हा आहे." नवाकोरा पंप गटारातून होडीसारखा निघाला. भाऊ बाजूने पळाला, पण नाल्याच्या तोंडाशी हरला. पोरीला इतकं हसू आलं की खोकला सुटला आणि खरंच पंप घ्यावा लागला. पिशवीत तिसरा होता. भाऊ म्हणाला, "बघ, तालीम यशस्वी." उंटावरचा शहाणा, दुसरं काय!

मग शाळेच्या बाई बेशुद्ध पडण्याची तालीम झाली. बाई मी. जमिनीवर आडवी झाले तर कुरिअरवाला पार्सल घेऊन दारात. भावाने त्याला सांगितलं, "घाबरू नका, त्या शिक्षिका आहेत." तो मला नेहमी लाँड्रीत बघतो. त्याने माझ्या पोटावर पार्सल ठेवलं, सही मागितली आणि गेला.

बस बंद पडण्याच्या तालमीला माणसं कमी पडली, म्हणून वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना ड्रायव्हर केलं. खुर्च्यांची रांग लावली. डॉक्टर पुढच्या खुर्चीवर बसले, ताटाचं स्टिअरिंग धरलं आणि तोंडाने घरघर आवाज करत असे काही निघाले की थांबेचनात.

"काका, बस बंद पडलीये," पोरगी म्हणाली.

"चढ लागलाय बाळा, चढावर बंद पाडली तर मागे जाईल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणाऱ्या माणसाला मोकळा रस्ता मिळाला होता, त्याला तरी काय बोलणार? सपाटी येईपर्यंत आम्ही सगळे वळणावळणाला कलत बसून राहिलो.

शेवटी समजाबाईने विचारलं, "समजा दीपगृहाच्या जिन्यात समोरून शेळी आली तर?"

"शेळी कशाला येईल मरायला तिथे?" मी म्हटलं.

"ताई," भाऊ गंभीरपणे म्हणाला, "माझ्या लिफ्टमध्ये एकदा घोडा निघाला होता."

त्यानंतर तो आमच्या इमारतीच्या जिन्यात रांगत उतरायला लागला. पोरगी खालून चढत होती. नेमके तेव्हाच इमारतीचे अध्यक्ष वर निघाले होते. ते दोन पायऱ्या खालीच थबकले. भावाने त्यांच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. पोरीसाठी तो शेळीच राहिला. बें करून ओरडला आणि अध्यक्षांच्या पायांशेजारून खाली गेला. त्या दिवसापासून अध्यक्ष आमच्या मजल्यावर पाय वाजवत येतात.

मी भावाला हजारदा वेडा म्हटलंय. पण त्या जिन्यात मला भडभडून आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. कुठला बाप करतो एवढं?

सहलीच्या आदल्या संध्याकाळी सगळी संकटं करून झाली होती. पिशवीत एक पंप, बाईंकडे एक, गळ्यात एक, मोज्यात एक. पोरगी सोफ्यावर पाय हलवत बसली होती. तिने विचारलं, "बाबा, समजा काहीच झालं नाही तर?"

भावाने पिशवीची चेन लावता लावता मान वर केली.

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. गेलो, बघितलं, आलो. त्याची तालीम करू या ना."

मग आम्ही काहीच न होण्याची तालीम करायला बसलो. चौघं सोफ्यावर. नियम पोरीने सांगितला, काही करायचं नाही, काही विचारायचं नाही. नळ ठिबकत होता. वर डॉक्टर खुर्ची सरकवत होते, बहुतेक घाटात असावेत. भावजय डोळे मिटून छान टेकली होती. भावाचा गुडघा उडायला लागला. त्याने पोरीकडे तिरकं पाहिलं, मग तिच्या छातीकडे.

"श्वास कसा आहे गं?"

"बाबा! बिघडवलंस. पहिल्यापासून."

दुसऱ्यांदा तो नळ बंद करायला उठला आणि जाता जाता तिच्या पाठीला हात लावून आला. तिसऱ्यांदा तो नुसताच बसला, पण इतका घामाघूम झाला की पोरीनेच त्याला पाणी आणून दिलं. पोरगी तिन्ही वेळा अगदी व्यवस्थित बसली होती. नापास होत होता तो.

ती झोपायला गेल्यावर मी त्याच्यावर उखडले. "लिफ्ट सोडताना दोर हातात धरून बसतोस का रे तू?"

"लिफ्टमध्ये वजनं असतात, ताई," तो म्हणाला. "पोरगी नसते."

मी आपली गुमान शेजारी माझ्या घरी आले.

सकाळी बस आली. समजाबाई चढली. खिडकीशी बसली. बापाचा चेहरा बघितला. तो चेहरा मीसुद्धा बघत होते. हसायचा प्रयत्न करत होता बिचारा, पण दाढ दुखत असल्यासारखा दिसत होता. आणि पोरगी उठली. बसच्या दारात आली. उतरली. भावजयीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

पोरगी खाली वाकली, मोज्यातून पंप काढला आणि बापाच्या हातात ठेवला.

"हा तुला असू दे. समजा दिवसभरात लागलाच."

आणि परत चढली. दार लागलं. बस गेली.

दुपारच्या आधीच मला लाँड्रीत फोन आला. कुठल्याशा कचेरीच्या इमारतीतून कुणी बाई बोलत होत्या. तुमचे भाऊ लिफ्टमध्ये बसलेत, लिफ्ट चालू आहे आणि ते बाहेर येत नाहीत. मी गेले. तळमजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं, आत हा अवजारांच्या पेटीवर बसलेला, मुठीत निळा पंप. लोक यायचे, विचारायचे, "वर?" हा म्हणायचा, "नाही." लोक जिन्याने जायचे.

"काय चाललंय हे?"

"तालीम," तो म्हणाला. "काहीच न होण्याची. इथे जरा जमतंय."

मी खूप काही बोलणार होते. पण त्याचे डोळे पाहिले आणि आत जाऊन वजनांच्या ढिगावर बसले. लोखंड थंडगार होतं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या तळमजल्यावरच्या लिफ्टमध्ये कळलं. मध्येच तो पंप नाकाशी नेऊन हुंगायचा. एकदा म्हणाला, "ताई, तिला काही झालं तर मी राहायचो नाही गं." "माहितीये," मी म्हटलं. त्या दिवशी त्या इमारतीतल्या सगळ्यांना व्यायाम घडला.

संध्याकाळी बस आली. समजाबाई उतरली. केस विस्कटलेले, एक मोजा घसरलेला, नाक उन्हाने लाल.

"काय काय झालं?" भावाने विचारलं.

"काहीच नाही!" ती म्हणाली.

घरी आल्यावर मात्र जेवताना तिची टकळी सुरू झाली. दीपगृहाचा जिना गोल गोल, मध्ये पोकळी, वरून थुंकलं तर तळात पडेल एवढी. मैत्रिणींनी तिला खिडकीची जागा दिली. तिची खास मैत्रीण हिच्या शेजारी मधल्या पायरीवर पाय झाडत बसली आणि तिचा बूट निसटला. थेट खाली. खाली दिवेवाले काका डबा उघडून बसले होते.

"पण तू मधल्या पायरीवर कशाला बसलीस?" भावजयीने सहज विचारलं.

"दम लागला ना. शिट्टी वाजायला लागली छातीत. मग पंप घेतला, बाई म्हणाल्या जरा बस, तर माझ्यासोबत ती पण बसली. म्हणून तर बूट पडला."

माझा घास हातात राहिला. भावाचा हात पंपाच्या खिशाकडे गेला. त्याचं तोंड उघडलं. काय विचारणार ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं. किती वेळ लागला होता, किती वेळा घेतला, ओठ निळे पडले होते का, बाईंनी फोन का केला नाही.

पोरगी घास चावता चावता त्याच्याकडे बघत होती. पाय हलायचे थांबले होते.

भावाने खिशातून हात बाहेर काढला. तो रिकामा होता. त्याने तो ताटाशेजारी ठेवला, दुसरा हात त्याच्यावर दाबून धरला आणि एक मोठा श्वास घेतला.

"बरं," तो म्हणाला, "मग त्या बुटाचं काय झालं?"