गाडीखाली शिरताना चावी खिशात

गल्लीत तिला सगळे फौजदारीण म्हणायचे, अर्थात तिच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाई मिस्त्री होती, पण इंजिनाला हात लावायची नाही. तिचं काम गाडीच्या पुढच्या अंगाचं: चाकं, स्प्रिंगा, स्टिअरिंग आणि या सगळ्यांना एकत्र बांधून ठेवणारे रॉड नि रबरी बुश. शेड वडिलांकडून मिळाली होती आणि संशयी स्वभावही तिकडूनच आला असावा. गिऱ्हाईक म्हणालं, "परवापर्यंत गाडी अगदी ठणठणीत होती हो," की ही मान डोलवायची आणि मनात म्हणायची, झालं, ठोकलीय कुठेतरी. टोमॅटो उलटा करून बघणाऱ्या बायका पुष्कळ असतात. ही टोमॅटो उलटा करून आधी भाजीवाल्याच्या तोंडाकडे बघायची.

तिचा एक नियम होता. गाडीखाली शिरायच्या आधी त्या गाडीची चावी हिच्या खिशात गेली पाहिजे आणि केबिनमध्ये चिटपाखरू असता कामा नये. मालक कितीही मोठा असो, "उतरा, बाहेर बाकावर बसा," हे ठरलेलं. शेजारचा वेल्डर थट्टा करायचा, "बाई, तुमच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त होतात की त्यांची जबानी घेतात?"

नियमामागे तिच्या डाव्या हाताचं वाकडं बोट होतं. वडील हयात असताना एकदा ती गाडीखाली होती आणि धाकटा भाऊ वर स्टिअरिंगवर बसला होता. गाडी मध्येच थोडी पुढे सरकली आणि हिचं बोट रॉडखाली चेंगरलं. "मी ब्रेक सोडलाच नव्हता," असं भाऊ तेव्हा वडिलांना म्हणाला, डॉक्टरांना म्हणाला, आणि अजूनही विषय निघाला की तेच म्हणतो. तिला ते एकदाही पटलं नाही. सपाट जमिनीवर ब्रेक लावून उभी केलेली गाडी आपोआप सरकते का कधी? भावाचं आणि तिचं भांडण असं झालं नाही. येणं-जाणं होतं, हसणं-बोलणं होतं, फक्त त्यानंतर तिने त्याला पुन्हा स्टिअरिंगवर बसू दिलं नाही.

तोच भाऊ एका सकाळी उंच पिकअप ट्रक घेऊन दारात उभा राहिला. पंपदुरुस्तीचं काम करणारा माणूस. डोंगरात वर पाणीपुरवठ्याच्या केंद्रावर नोकरी मिळाली होती आणि बायको-मुलीसह तिकडेच राहायला निघाला होता. रस्ता खडकाळ, म्हणून जुना, पण उंची वाढवून घेतलेला ट्रक विकत घेतलेला. आधीच्या कुणीतरी स्प्रिंगांखाली ठोकळे घालून आणि मोठी चाकं लावून तो इतका वर नेला होता की चढायला शिडी लागावी.

"ताई, जरा बघतेस? खड्ड्यातून वेगात गेलं की पुढचं सगळं थरथरायला लागतं. स्टिअरिंग हातात राहत नाही. गाडी जवळजवळ थांबवली की मगच शांत होतं."

"कधीपासून?"

"घेतल्यापासून थोडं थोडं."

'थोडं थोडं' हे शब्द तिला मुळीच आवडले नाहीत. तिने हात पुढे केला, त्याने चावी दिली आणि न सांगता बाकावर जाऊन बसला.

खाली शिरताच पहिली गोष्ट दिसली ती डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे धक्के जिरवणारी नळी. बाकी सगळ्यावर चिखलाचे थर आणि ही मात्र कोरी करकरीत, कारखान्याचा कागदही नीट निघालेला नव्हता. तिच्या मनात पाल चुकचुकली. थरथर होते तेव्हा लबाड माणूस नवा डॅम्पर लावतो. दुखणं जात नाही, आठवडाभर झाकलं जातं. गाडी विकायला तेवढं पुरतं.

"हा नवा डॅम्पर कुणी लावला?" तिने खालूनच विचारलं.

"मला काय माहीत? घेतला तसा आहे," भाऊ म्हणाला. आवाज बाकाकडून आला, पण बोलताना तोंड रस्त्याकडे असावं असं तिला वाटलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग तिने तिच्या पद्धतीने उलटतपासणी सुरू केली. पुढचा भाग जॅकवर उचलला. चाक वरून-खालून धरून हलवलं, डावीकडून-उजवीकडून हलवलं. पहार घालून एकेक सांधा उचकटून पाहिला. सगळे कसे साळसूद! कुणी हलायला तयार नाही. चाकं काढून त्यांचा तोल बघितला, तोही ठीक. मग खात्रीच झाली, ह्याने ट्रक कुठेतरी आदळलाय, सांगाडा वाकलाय आणि आता मूग गिळून बसलाय. तिने दोरी ताणून सांगाडा मापला. दोरी सरळ, सांगाडाही सरळ. बंपरवर नवा रंग शोधला, नखाने खरवडून पाहिलं. काही नाही. बाई, एवढा तपास खऱ्या फौजदाराने तरी केला असता का!

शेवटी ती स्वतः ट्रक घेऊन मागच्या रस्त्यावर गेली. मोठ्या खड्ड्यावरून मुद्दाम वेगात घातला आणि स्टिअरिंग तिच्या हातात असं काही उसळायला लागलं की दात एकमेकांवर आपटले. गाडी बाजूला घेऊन ती तशीच बसून राहिली. शेजारच्या सीटवर भाचीची केसांची पिवळी क्लिप पडली होती. पोर इथेच बसत असणार. डोंगराच्या रस्त्यावर एका बाजूला दरी असते, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

शेडमध्ये परतल्यावर तिने जॅकला हात लावला नाही. खरं म्हणजे काय करायला हवं ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. गाडी जमिनीवर असते तेव्हा तिचं सगळं ओझं चाकांवर येतं आणि पुढच्या अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा रॉड त्या ओझ्याखालीच ताणला जातो. चाकं हवेत लोंबकळत असली की त्याच्यावर जोरच येत नाही. त्याची लबाडी पकडायची तर चाकं जमिनीवर हवीत, इंजिन चालू हवं, वर बसून कुणीतरी स्टिअरिंग डावं-उजवं हलवायला हवं आणि खाली मिस्त्रीचा हात रॉडवर हवा. म्हणजे चावी खिशात नाही. छोट्या गाड्यांत तिने आजवर कान आणि पहार यांच्यावर निभावून नेलं होतं. हा ट्रक दाद देईना.

"मी बसू का?" वेल्डरने दारातून विचारलं.

"तुम्ही? हातातला फोन ठेवाल का तेवढा वेळ?"

"मग कुणाला बसवणार? आता विश्वास ठेवायला माणूस कारखान्यातून मागवावा लागेल तुम्हाला!" तो हसत निघून गेला.

तिला राग आला, आणि तो खरं बोलला म्हणूनच जास्त आला. तिने खिशातून चावी काढली आणि बाकाजवळ गेली.

"चल. बस वर."

भाऊ बाकावरून उठला. "मी?"

"तूच. मुलगी तुझी आहे ना? चाकांना मागेपुढे लाकडं लावलीयत. मी सांगेन तेव्हाच हलवायचं, आणि थोडंच."

ती खाली सरकली. इंजिन सुरू झालं, सगळा ट्रक तिच्या अंगावर घुमायला लागला. तिने तेच वाकडं बोट रॉडच्या टोकाशी टेकवलं.

"डावी," ती म्हणाली.

वरून हालचाल नाही. "हात बाजूला आहे ना, ताई?"

"आहे. हलव."

स्टिअरिंग फिरलं. "उजवी." पुन्हा तेच. "हात बाजूला आहे?" प्रत्येक वेळी, न चुकता, तो आधी विचारायचा आणि उत्तर आल्याशिवाय स्टिअरिंग हलवायचा नाही. सुरुवातीला ती वैतागली. नंतर वैताग कुठे गेला तिला कळलं नाही.

आणि मग बोटाखाली खट् झालं. रॉडचा बोल्ट आपल्या भोकात सरकत होता. उंची वाढवणाऱ्याने रॉडसाठी जोडपट्टी लावली होती, पण भोक मोठं आणि बोल्ट बारीक. आपटून आपटून भोक लांबट झालं होतं. एवढ्याशा फटीत सगळा ट्रक नाचत होता.

"सापडलं!" ती ओरडली. "अरे, सापडलं चोरटं! बंद कर इंजिन."

इंजिन थांबलं. तिने खालूनच पुन्हा विचारलं, या वेळी आवाज न चढवता, "डॅम्पर कुणी लावला?"

"मी," वरून आवाज आला. "पुलावर गाडी थरथरली तेव्हा. ट्रक विकणारा म्हणाला, हा लाव, बरं होईल. थोडे दिवस झालंही बरं."

"मग आधी माझ्याकडे का नाही आलास?"

"आलो असतो तर तू आधी विचारलं असतंस, कुणाला ठोकलंस. लागलं का, हे नंतर. कदाचित तेही नाही."

आडवं पडलेल्या माणसाला नीट भांडताही येत नाही.

वेल्डरने जोडपट्टीवर जाड चकती जोडून दिली. तिने नेमक्या मापाचं भोक पाडलं, जाड बोल्ट घातला आणि चाकं जमिनीवर टेकलेली ठेवूनच आवळला. पुन्हा भाऊ वर, ती खाली. डावी, उजवी, काही नाही. मग दोघं मिळून त्याच खड्ड्यावरून गेली. ट्रकने एकदाच अंग झटकलं आणि सरळ पुढे धावला. तिचा जीव भांड्यात पडला, पण तसं तिने म्हटलं नाही.

शेडसमोर थांबल्यावर तिला विचारायचं होतं, तेव्हा ब्रेक खरंच सोडला नव्हतास का रे? प्रश्न ओठांवर आला होता. तिने तो तिथेच राहू दिला.

"पुलावर लागलं का?" तिने विचारलं.

भावाने बाही वर केली. कोपरापासून वरपर्यंत काळंनिळं झालं होतं, कडा पिवळ्या पडत होत्या. "ब्रेक दाबला ना एकदम. पोर पुढे जाईल म्हणून हात आडवा घातला. तिला ओरखडाही नाही."

फौजदारणीने त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि वाकड्या बोटाने, सांधा तपासावा तसा, हळूहळू दाबत वर गेली.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"हं. तिथे दुखतं, ताई."