नालीतली पट्टी

आपा कुणाच्याही घरी गेली की आधी मोरी पाहायची, मग माणसं. आपण म्हणावं, "बस आपा, चहा ठेवते," आणि तिनं उभ्या उभ्या विचारावं, "चहा होईन बाई. आधी सांग, तुह्या मोरीचं पाणी कुठी जाते?" सांगता आलं नाही की हात धरून मागच्या दारानं बाहेर. माझ्या मोरीचं पाणी मोहल्ल्यातून, पुलाखालून नदीत जातं, आणि थोडं खाली त्याच नदीतून आमच्या नळाला येतं, हे मला तिनंच दाखवलं. त्या दिवशी चहा मला काही गेला नाही.

आम्ही दोघी नगरपरिषदेत एकदमच निवडून आलो, बायकांसाठी राखीव झालेल्या वॉर्डांतून. मी शाळेतली बाई, ती परकर-ब्लाऊज शिवणारी. बाकीच्या मेंबरांना वाटलं, या दोघी सह्या करतील आणि चिवडा खातील. आपानं चिवडा खाल्ला, सही केली नाही. 'नाली बांधून द्या' असं सगळेच म्हणायचे. ही म्हणाली, "नाली तपासून द्या." सभागृह खो खो हसलं.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, की गॉजची जाड पट्टी एक-दोन दिवस नालीत टांगली, तर कॉलऱ्याचे जंतू तिच्यात अडकतात. म्हणजे रोगी दवाखान्यात भरती व्हायच्या आधीच कळू शकतं. "माणूस लपवते बाई, नाली नाई लपवत," हे आपाचं पालुपद. तेवढ्यावर तिनं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि या तपासणीसाठी सरकारची योजना मंजूर करून आणली. तेव्हा मी सरकारचं तोंडभरून कौतुक केलं होतं. खुळी कुठली!

पट्ट्या आपा स्वतःच्या मशीनवर शिवायची, पुलाखाली दोरीला बांधायची आणि दोन दिवसांनी बरणीत घालून प्रयोगशाळेत धाडायची. एका सकाळी पट्टीशेजारी लिंबू-मिरची लटकलेली. शेजारच्या शांताला पट्टी म्हणजे करणी वाटली होती, म्हणून हा तिचा उतारा. आपा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लिंबू राहू दे वं शांता, पण पट्टीले हात नोको लावू. तुहा लिंबू, माही पट्टी. पाहू कोणाचं चालते!" शांता हसून हसून खाली बसली. त्या दिवसापासून पट्टीची राखण तिच्याकडे. पोरं हाकलायची, बकऱ्या हाकलायची, पुलावरून थुंकणाऱ्याचा बापसुद्धा काढायची.

आणि एका उन्हाळ्यात पट्टीत कॉलरा निघाला.

आपा धावत मुख्याधिकाऱ्याकडे गेली, मी मागोमाग. नळ बंद करा, टँकर लावा, दवंडी पिटा. साहेब म्हणाले, "लेखी येऊ द्या. आणि तो शब्द वापरू नका, वरून विचारणा होते." तो शब्द! जसा काही आपानं शिवीच दिली होती. मग वरून कागद आला, पण टँकरचा नाही. निष्कर्षांमुळे जनतेत अकारण घबराट पसरते, सबब योजना स्थगित. म्हणजे नाली 'सगळं ठीक' म्हणेल तोवरच सरकारचा पाठिंबा! अरे, मग पट्टी काय नालीची शोभा वाढवायला टांगली होती?

आपानं रिक्षाला भोंगा बांधला आणि गल्लोगल्ली स्वतः ओरडत फिरली, "पाणी उकळून प्या व माय!" साहेबांनी तिला अफवा पसरवल्याची नोटीस धाडली. कुणी ऐकलं, कुणी हसलं. शांतानं लेकरांसाठी पाणी उकळलं. स्वतः मात्र भर उन्हात मजुरीहून आली आणि नळाखाली ओंजळ धरली. दुसऱ्या दिवशी ती गेली. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं, गॅस्ट्रो.

पुढच्या सभेत आपानं साहेबांच्या टेबलावर बरणी ठेवली. आत पुलाखालची पट्टी, काळी ठिक्कर. "साहेब, हे शांतानं राखली होती. गॅस्ट्रो नोका लिहू. खरं नाव लिहा." साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि अध्यक्षांनी आपाला सभागृहाबाहेर काढलं. तिच्यामागं निघताना मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटी शाळेतली बाई आहे.

पुढच्या निवडणुकीत वॉर्डांचं आरक्षण बदललं आणि आम्ही दोघी घरी बसलो. आपाची पट्टी मात्र चालूच. प्रयोगशाळा बरण्या घेईना, तरी ही नवी शिवायची, टांगायची. मी एकदा चिडले, "आपा, तपासणारंच कोणी नाही, काऊन टांगते वं आता?"

"टांगणं माह्यं काम, तपासणं त्याईचं. ते सोडतीन म्हणून मी काऊन सोडू?"

ती गेली तीही मशीनवर बसल्या बसल्याच. जनाजा निघाला, बायका आत कुराण पढत बसल्या. मला बसवेना. उठले आणि पुलावर गेले. पट्टी लोंबत होती. ओढून बरणीत घातली, झाकण घट्ट लावलं आणि एस.टी.त बसले. शेजारच्या बाईनं वासानं जागा बदलली. बदलू दे!

प्रयोगशाळेतला बाबू बरणीकडे पाहून म्हणाला, "मॅडम, ती योजना केव्हाच बंद झाली."

"नाली बंद झाली का?"

मी बरणी त्याच्या टेबलावर, अगदी जेवणाच्या डब्याशेजारी ठेवली आणि निघाले. मागून तो ओरडत होता, "बाई, हे घेऊन जा! बाई!" ओरड म्हटलं. मला मेडिकलमधून गॉज घ्यायचा होता.