उशी बांधलेलं पोट

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी आमच्या वाडीतल्या गल्लीत लहान पोरं लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा मागतात. कोणी खाऊ देतं, कोणी सुटे पैसे. वेशभूषेची स्पर्धाही असते. काही वर्षांपूर्वी तिचा परीक्षक मी होतो. पहिलं बक्षीस मी सिनेमातला खलनायक झालेल्या पोराला दिलं. आईनं त्याच्या सदऱ्याखाली उशी बांधली होती, गळ्यात पिवळी साखळी घातली होती. त्याला एक वाक्यही म्हणावं लागलं नाही. पोट पुढे काढून नुसता चालला, तरी आम्हाला सगळं कळलं.

तेव्हा मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. खरं सांगतो, मी घाबरलेलोच होतो. घरी परतताना अमरावती रोडकडे जाणारा एक माणूस दिसला. आडवा देह, मानेवर वळ्या, गळ्यात साखळी. काखेत चाक निखळलेला लाकडी बैल आणि हाताला धरलेली, रडणारी चिमुरडी. पानठेल्यावर उभ्या असलेल्या पोट्ट्यांना मी म्हटलं, "त्या पोरीले कुठं घेऊन चालला तो, पाहा बरं."

माझं काम एवढंच. पहिली थप्पड मारली ती जिममध्ये अंग कमावलेल्या एका देखण्या पोट्ट्यानं, आणि गर्दीला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग कोणीतरी बेल्ट काढला. पोरगी त्या माणसाच्या पोटाला चिकटली होती आणि तो तिच्यावर वाकून मार खात होता. मामा आहे मी हिचा, असं म्हणत होता. मला ऐकू येत होतं. पण मधे बोललो तर तोच बेल्ट माझ्याकडे वळेल, या भीतीनं माझे पाय हलेनात. शेवटी पोरीची आई धावत आली, हा माझा भाऊ आहे म्हणाली, आणि गर्दी पांगली. तेव्हा कुठे मी पुढे झालो. त्याला घरी आणलं, पाणी दिलं, फुटलेल्या ओठाला हळद लावली.

त्याची समजूत झाली की मीच त्याला वाचवलं.

तेव्हापासून दर तान्ह्या पोळ्याला तो भाचीला घेऊन येतो, माझ्या पाया पडतो. पोळा जवळ आला की मला जेवण जात नाही. यंदा भाची आत बायकोकडे बोजारा मागायला गेली, तेव्हा त्यानं विचारलंच.

"भाऊ, त्या दिवशी पोट्ट्याइले माह्याबद्दल कोनं सांगतलं असन?"

"मी," म्हटलं.

आता तो मारायला उठेल, असं वाटून मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तो हसला.

"काहून मजाक करता भाऊ? फुंकलं तं उडून जान तुमी. तुमच्यासारखा मानूस असं करन काय?"

'खरंच मी,' हे ओठांवर आलं होतं. तेवढ्यात भाची बाहेर आली आणि तो उठला. दारातून मी त्यांना जाताना पाहिलं. भाचीला जरा पुढे चालू दिलं होतं त्यानं, आणि स्वतः मागून चालला होता. रस्त्यात तो तिचा हात धरत नाही आता.