बसलेला माणूस

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, परत आलेली पुस्तकं रॅकवर लावत होते. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"ताई, तुम्ही एकदा येऊन जा. पोरगी एका कार्टूनवरून भांडून राहिली. कुणाशी, तर फोनमधल्या पोरांशी. ही म्हणते तो मेला, ते म्हणतात जिवंत हाय. अभ्यास बोंबलला सगळा."

"कोण मेला?"

"कार्टून हो! आता मी तिला त्या ग्रूपमधून काढणार म्हंजे काढणार. पण उगं आदळआपट नको घरात. माझं ऐकत न्हाई. तुमचं ऐकंल."

दादाला जाऊन तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. लातूरला त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, पाइप, नळ, नट-बोल्ट, रंगाचे डबे. आता तिथं वहिनी बसते. पूर्वी ती दुकानात फक्त दसऱ्याला पूजेला यायची. आता गिऱ्हाईक नळाचा तुटका तुकडा घेऊन आलं की हातात धरल्याबरोबर त्याचं माप सांगते. भाची बारावीला होती. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी, पहाटे उठून ट्यूशन, रविवारी टेस्ट. लातूरच्या निम्म्या घरांत हेच चाललेलं असतं.

शनिवारी सकाळी एसटीत बसले. अहमदपूर सोडलं की मी दादाला फोन करायचे आणि तो स्कूटर घेऊन स्टँडवर यायचा. गाडीला उशीर झाला तर ड्रायव्हरशी भांडायचा, जणू मला त्यानंच डांबून ठेवलं होतं. या वेळीही अहमदपूर गेल्यावर माझा हात पर्सकडे गेला. मग मी पर्समधून पुस्तक काढलं आणि लातूरपर्यंत एकच पान उघडं ठेवून बसले.

आम्ही लिंगायत. आमच्यात सुतक पाळत नाहीत. माणूस मेला असं न म्हणता लिंगैक्य झाला म्हणतात. जो शिवात मिळाला त्याचा विटाळ कसला आणि त्याच्यासाठी रडायचं तरी कशाला, अशी त्यामागची समजूत. दादा गेल्यावर जंगमांचं, म्हणजे आमच्या पुरोहितांचं, जेवण झालं आणि दुसऱ्याच दिवशी वहिनीनं दुकानाचं शटर वर केलं. त्याच आठवड्यात भाची ट्यूशनला जायला लागली. मला ही रीत नेहमीच शहाणी वाटत आली आहे, आजही वाटते. पण सुतकाच्या घरात एक सोय असते. तेवढे दिवस माणूस कोपऱ्यात गप्प बसून राहिला तरी त्याला कोणी काही विचारत नाही. आमच्या घरात ती सोय नव्हती. दादाचं नाव निघालं की वहिनी गॅसपाशी जायची आणि भाची पुस्तक उघडायची. मीही पाहुणीसारखी वागायचे.

दुपारी वहिनी दुकानात होती. भाचीनं दार उघडलं आणि माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाली, "मम्मीनं बोलावलं ना तुला? मला समजवायला?"

"हो."

"बरं झालं. तू निदान पिक्चर बघून तरी बोलशील. मम्मी न बघताच त्याला कार्टून म्हणते."

जेवण झाल्यावर आम्ही तो सिनेमा पाहिला. फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. परदेशातला, हिंदीत डब केलेला, अॅनिमेशनचा. डोंगराखाली वसलेलं एक शहर, ते राखणारे पाच-सहा जण, कोणी उडणारा, कोणी भिंतीतून आरपार जाणारा. त्यांच्यात एक पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस. त्याला उडता येत नाही, पळालं की दम लागतो. त्याच्याकडे एकच शक्ती: जमिनीचा हादरा तो आपल्या अंगात घेऊ शकतो. तरुण वीर त्याची टिंगल करतात, कारण शहरात कधी भूकंप होतच नाही आणि या माणसाला काही कामच नसतं.

लातूरच्या माणसाला हे बघताना हसू येत नाही. मी भाचीकडे पाहिलं. तिचा जन्म भूकंपानंतर पुष्कळ वर्षांनी झाला, पण तीही हसत नव्हती.

शेवटी अर्थातच जमीन हलते. तो माणूस पँट वर ओढून (दादाला हीच सवय होती) भेगेत उतरतो, तळाशी मांडी घालून बसतो, आपल्या गळ्यातला निळा खडा तळहातावर घेतो आणि डोळे मिटतो. हादरे थांबतात. वरून माती पडत राहते. सगळं अंधारतं आणि मातीतून तो निळा खडा चमकताना दिसतो. सिनेमा संपतो.

भांडण होतं ते इथं. भाचीच्या ग्रूपमध्ये महाराष्ट्रभरची मुलं होती. बहुतेकांचं ठाम मत होतं की तो जिवंत आहे, ध्यान लावून बसलाय, दुसऱ्या भागात उठणार. तिनं मला मेसेज वाचायला दिले. नागपूरच्या एका मुलानं लिहिलं होतं, "अगं, मेलेला माणूस कधी बसतो का? मेलेला माणूस पडतो!" त्याखाली कोणीतरी, "लातूरच्या डॉक्टरीणबाई, पोस्टमॉर्टम करून आलात का?" त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तिनं प्रत्येकाला उत्तर दिलं होतं, लांबलचक, मुद्देसूद.

"तुझं काय मत?" तिनं विचारलं.

मी वाचणाऱ्या माणसाचं उत्तर दिलं. म्हटलं, ज्यांनी सिनेमा केला त्यांनी शेवट मुद्दाम मोकळा सोडलाय. खडा चमकताना दाखवला, म्हणजे बघणाऱ्यासाठी एक दार उघडं ठेवलं. ज्याला तो जिवंत वाटतो त्याचंही बरोबर आणि ज्याला वाटत नाही त्याचंही. मग थोडं थांबून म्हटलं, "मला विचारशील तर जिवंत असावा."

हे मी तिला बरं वाटावं म्हणून बोलत होते, अशी माझी समजूत होती. वडील गेलेली मुलगी पडद्यावरच्या माणसालाही मारूनच टाकते, तर तिच्या मनात जरा उजेड यावा. पण खरं सांगायचं तर तो उठावा असं मलाच वाटत होतं. कपडे झटकावेत, पँट वर ओढावी आणि वर येऊन कुणाशीतरी भांडावं.

भाचीनं सिनेमा थोडा मागे नेला आणि एके ठिकाणी थांबवला. बोटांनी चित्र मोठं केलं.

"मान बघ."

"काय मानेला?"

"माती पडायच्या आधी. बघ, डावीकडं कलते. थोडीशीच. ध्यानाला बसलेल्याची अशी कलत नाही, आत्या. मी बघितलीय ना. पप्पांची अशीच कलत होती. शेजारचे काका सारखी सरळ करत होते."

मी तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"तू पण होतीस तिथं," ती म्हणाली. "उघडं दार होतं का कुठं?"

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, घरातही आणि जमिनीतही. दादाला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात हार. बसूनच त्याला पालखीसारख्या सजवलेल्या विमानातून नेलं आणि औशाच्या रस्त्याला आमच्या शेताच्या कडेला खड्ड्यात बसवलं. गल्लीतल्या एका लहान मुलीनं तेव्हा आपल्या आईला विचारलं होतं, "काका उठले का?" मी त्या दिवशी सगळा वेळ होते, पण खड्ड्यापाशी खाली मान घालून उभी राहिले. भाची माझ्या पुढं होती. तिनं सगळं पाहिलं.

त्या पोरांनी बसलेला मेलेला माणूस कधी पाहिला नव्हता. हिनं पाहिला होता, एकच.

"हे त्यांना का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"हसतील."

"आणि मग भांडतेस कशासाठी?"

ती फोनच्या काचेवरचे बोटांचे डाग ओढणीनं पुसत राहिली. "ते सगळे म्हणतात, येईल, येईल. पार्ट टूमध्ये येईल. मला राग येतो, आत्या. त्यानं एवढं केलं. आता बसू दे ना त्याला. आणि दुसरीकडं कुठं बोलू मी? इथं कोणी 'मेला' असं म्हणतच नाही."

मी वहिनीला काय सांगणार होते, ते मला तेव्हा कळलं. ग्रूप बंद करू नकोस, एवढंच. पण ते का, हे सांगायचं तर दादाचं नाव काढावं लागणार होतं, आणि मी कप विसळायला उठले.

वहिनी दिवेलागणीला आली. चपला काढता काढता तिनं विचारलं, "काय ठरलं आत्या-भाचीचं?" आणि उत्तराची वाट न बघता हात पुढं केला. भाचीनं मुकाट्यानं फोन दिला आणि वहिनीनं तो फ्रिजवर ठेवला. घरातली ती जप्तीची जागा.

"वहिनी," मी म्हणाले, "तू तो सिनेमा एकदा बघ."

"मी? कार्टून?"

"सगळा नको. शेवटचा तेवढा."

"आता कणीक मळायची हाय, ताई."

"मी मळते. तू बघ."

माझा आवाज बहुतेक जरा चढला असावा, कारण वहिनी निमूट सोफ्यावर बसली. भाचीनं फोन परत घेऊन सिनेमा टीव्हीला जोडला. मी परात घेऊन तिथंच खाली बसले. मोठ्या पडद्यावर तो माणूस भेगेत उतरला.

"हा कोण जाड्या?" वहिनी म्हणाली. "पँट बघा कशी घातलीय, गळायला लागली."

त्यानं मांडी घातली. खडा काढला. डोळे मिटले. माती पडायला लागली तशी वहिनी पुढं सरकून बसली.

"थांबव," ती म्हणाली. भाचीनं थांबवलं.

"डाव्या हातावर हाय."

"काय?"

"तो दगड. डाव्या तळहातावर घेतलाय बघ त्यानं. पूजेला गळ्यातलं लिंग घेतात तसा." ती पडद्याकडंच बघत होती. "तुझ्या पप्पांचं लिंग मी ठेवलं हातावर. बोटं मिटंनात. मग मी वरून माझा हात धरला थोडा वेळ, तवा कुठं राहिलं."

भाची आईकडं बघत राहिली. हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. खोलीतली ट्यूबलाइट गुणगुणत होती आणि माझ्या हातांना कणीक चिकटली होती, त्यामुळे मला डोळेही पुसता येईनात.

"मम्मी, तो मेला ना?" भाचीनं विचारलं.

"मेला की. दिसत न्हाई का? मान पडली त्याची." वहिनीनं पदरानं नाक पुसलं. "आणि ती पोरं काय म्हणतात, जिवंत हाय? कशावरून?"

"बसलाय म्हणून. मेलेला माणूस बसत नसतो म्हणतात."

"मग तू काय सांगितलं?"

"काही नाही. मान कलली एवढंच."

"बसवतात म्हणून सांग की! आमच्यात बसवतात म्हणावं. दिवसभर टकटक करत असतीस आणि मुद्द्याचं तेवढं सांगत न्हाईस?"

"हसतील, मम्मी."

"हसू दे. मी बसलेय हितं."

भाचीनं लिहिलं. बराच वेळ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी जे पाठवलं ते तिच्या नेहमीच्या मेसेजांपेक्षा लहान होतं. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, माझ्या पप्पांना बसवलं होतं, मी पाहिलं, म्हणून मला माहीत आहे. एवढंच.

मी पोळ्या लाटायला घेतल्या. स्वयंपाकघरातून मला दोघींचे आवाज येत होते.

"आलं का काही?"

"नाही."

"झोपली का काय समदी?"

मग भाची वाचायला लागली. पोस्टमॉर्टमवाल्यानं आपला मेसेज काढून टाकला होता. एका मुलीनं हात जोडलेले पाठवले होते. नागपूरच्या मुलाचं मात्र तिनं दोनदा वाचलं. सॉरी, मला माहीत नव्हतं, असं त्यानं लिहिलं होतं. त्याचे आजोबा गेले तेव्हा त्याला घाटावर नेलंच नाही, लहान आहेस म्हणाले, त्यामुळे त्यानं काहीच पाहिलं नाही. आणि त्याच्याखाली लगेच दुसरा मेसेज: "पण मग तो खडा का चमकतोय? त्याचं उत्तर दे."

"बघ," भाची म्हणाली, "हा कधीच सोडत नाही."

"चमकंल न्हाई तर काय?" वहिनी म्हणाली. "माणूस जातो. लिंग काय विझतंय का?"

भाची हसली. कितीतरी महिन्यांत मी तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं, दादासारखं, आधी नाकातून. "असंच लिहू?"

"लिही असंच. आणि मम्मीनं सांगितलं म्हणून लिही."

जेवताना वहिनीनं आपण होऊन दादाचा विषय काढला. कोणाला तरी त्यानं चुकीच्या मापाचा पाइप दिला होता आणि तो परत न घेता तासभर तोच कसा बरोबर आहे ते पटवून दिलं होतं. "शेवटी गिऱ्हाईक तोच पाइप घेऊन गेलं," ती म्हणाली, "आणि आता दुसरा न्यायला माझ्याकडं आलंय." भाची पाणी पिता पिता ठसकली.

दुसऱ्या दिवशी रविवार, भाचीची टेस्ट होती. वहिनीनं ताटं उचलली, मग हात पुढं केला. भाचीनं फोन दिला. ग्रूपबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. वहिनीनं फोन नेहमीच्या जागी, फ्रिजवर, ठेवला. मग पुन्हा मागं वळली, चार्जर शोधला आणि तो चार्जिंगला लावला.