आबांनी तपासलेली मेंढरं

चित्रकलेच्या कॉलेजात पहिल्याच चाचणीत मला शंभरात अठ्ठावीस गुण पडले. सरांच्या हातून कागदांची अदलाबदल झाली असणार, असंच मला वाटलं. करमाडजवळच्या आमच्या गावात माझ्यासारखी चित्रं कुणी काढत नव्हतं. कॅलेंडरवरचे देव मी जसेच्या तसे उतरवायची. शाळेच्या भिंतीवरचा मोर माझा, लग्नघरांच्या दारावरचे हत्ती माझे. धनगराची पोर औरंगाबादला चित्रं शिकायला निघाली, म्हणून अर्धं गाव मला एसटीत बसवून द्यायला आलं होतं.

चाचणी वस्तुचित्राची होती. टेबलावर चुरगळलेलं निळं कापड, त्यावर पितळी तांब्या आणि बाजूला दोन कांदे. वेळ दोन तासांचा. मी पाऊण तासातच काम उरकलं आणि इतरांचे कागद बघत बसले. कुणाचा तांब्या वाकडा, कुणाचा बसका. माझा मात्र देवघरातल्यासारखा लख्ख.

गुण कळले त्या दिवशी सरांनी मला थांबवून घेतलं. सर जुन्या शहरातले. गुलमंडीमागच्या गल्लीत त्यांच्या वडिलांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मराठीतही आणि उर्दूतही. सरांच्या बोलण्यातही दोन्ही भाषा मिसळलेल्या असायच्या.

"बेटा, त्या पाऊण तासात तू तांब्याकडं किती वेळा बघितलंस?"

"बघितलं की सर. पुष्कळदा."

"मी मोजत होतो. तीनदा."

तांब्या अजून टेबलावरच होता. त्यांनी मला त्या दिवशीच्याच जागेवर बसवलं आणि माझा कागद शेजारी धरला. मी तांब्याचं तोंड थाळीसारखं गोल काढलं होतं. माझ्या जागेवरून ते चिंचेच्या पानासारखं चपटं दिसत होतं. बूड मी पट्टीनं आखल्यासारखं सरळ काढलं होतं, आणि समोर ते वाकलेलं होतं. तांब्याच्या पोटावर लिंबाएवढा पोचा होता. एका कांद्याला हिरवा कोंब फुटला होता. पोचाही माझ्या कागदावर नव्हता, कोंबही नव्हता.

"हा तुझ्या डोक्यातला तांब्या आहे," सर म्हणाले. "अच्छा आहे. पण मी हा समोरचा काढायला सांगितला होता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं आणि घरी काय काय आहे ते विचारलं. मी म्हणाले, मेंढरं. साठ-पासष्ट.

"मग या सुट्टीत एक मेंढरू काढून आण. एकच. पण गौर से."

शनिवारी मी घरी गेले. मेंढरू काढायचं म्हणजे माझ्या हातचा मळ. जन्मापासून त्यांच्यात वाढलेली मी. अंगणात बसून दहा मिनिटांत एक मेंढरू काढलं, लोकरीच्या वळ्या वळ्या करून, डोळ्यात चमक ठेवून. आबा, म्हणजे माझे वडील, वाघूर लावून येत होते. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. मी कागद त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी हात धोतराला पुसले, कागद घेतला आणि विचारलं, "कोणतं हाय हे?"

"मेंढरू."

"ते दिसतंय मला. कोणतं?"

त्यांनी एकदा जाळीकडं बघितलं, एकदा कागदाकडं. "आपल्यात असं मेंढरू नाय," म्हणाले आणि कागद परत दिला.

मला राग आला. कॉलेजात अठ्ठावीस आणि घरी भोपळा! आईनं वाढलेली भाकरी मी अर्धीच खाल्ली. पण अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आबांना साठही मेंढरं पाठमोरी ओळखू येत होती. मला त्यातली पाचदेखील सांगता आली नसती.

सकाळी वही घेऊन मी कळपामागं गेले. मेंढरू एका जागी उभं राहत नाही. मान काढावी तर ते तोंड फिरवायचं, पाय काढावेत तर पुढं निघून जायचं. चार कागद फाडले. पाचव्याला आबा जवळ येऊन बसले.

"तू लोकर बघायलीस," ते म्हणाले. "लोकर समद्यांना सारखीच. खांदा बघ. मान खांद्यातून कशी निघती ते बघ. आन् उभं राहताना कोणत्या पायावर भार देतंय, ते बघ."

कॉलेजात सरांनी शिकवलं होतं की हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठ्यानं माप घ्यायचं. आबांसमोर असं करायची मला लाज वाटत होती. तरी केलं. माझ्या मनात मेंढराचं डोकं केवढं तरी मोठं होतं. पेन्सिलीवर ते भलतंच लहान निघालं. पाय दोऱ्यासारखे बारीक वाटायचे, ते निघाले गाठींचे, वाकडे. दुपारी ऊन चढलं तशी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोळा झाली. आता ती हलत नव्हती. मी पाय काढायचे सोडून पायांमधल्या फटीच काढल्या. फटी नीट आल्या, तर पाय आपोआप आले.

संध्याकाळी आबांनी ते पान बराच वेळ धरून ठेवलं. मग एका पायावर बोट टेकवलं.

"हा त्या म्हाताऱ्या मेंढीचा हाय. गुडघ्यात धरलाय तिचा. बाकीचं काय वळखंना."

एका पायाला होकार मिळाला होता. शाळेच्या परीक्षांतल्या कुठल्याच गुणांनी मला इतका आनंद झाला नव्हता. मी पानाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'पाय व्हय, बाकी नाय'. त्यानंतर दर पानावर मी आबांचा निकाल लिहू लागले, कारण आबांना लिहिता येत नव्हतं.

दर शनिवारी घरी जायचं, रविवारी कळपामागं फिरायचं आणि सोमवारी सरांना वही दाखवायची, असे दोन महिने गेले. सरांनी एकदा ते कोपऱ्यातलं लिखाण वाचलं.

"हे कोण तपासतं?"

"आबा."

"काय बघून गुण देतात?"

"गुण नाय देत सर. कोणतं मेंढरू ते ओळखू आलं की व्हय. नाय आलं की नाय."

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "त्यांना विचार, आमचंही तपासतील का?"

त्या रविवारी सर आमच्या वर्गातली दहा-बारा मुलं घेऊन एसटीनं करमाडला उतरले आणि तिथून चालत आमच्या माळावर आले. आबा आधी फार संकोचले. शहरातल्या शिकलेल्या माणसांना आपण काय सांगायचं, म्हणत राहिले. पण पहिला कागद हाती आला आणि त्यांचा संकोच गेला. "नाय." "नाय." "हे बकरू झालंय." "ह्याची शेपटी व्हय, त्या काळ्या-पांढऱ्या बांड्याची हाय." मुलं हसत होती, पुन्हा जाऊन बसत होती. ज्या मुलीच्या वळणदार रेघांचा मला वर्गात हेवा वाटायचा, तिलाही तीनदा 'नाय' मिळालं.

सरही काढत होते. त्यांचं चित्र फार देखणं होतं, सावल्यांसकट. आबांनी ते कौतुकानं बघितलं. "सायेब, लई झ्याक हाय. पण आमचं नाय."

मलाच शरमल्यासारखं झालं. सरांनी कागद घेतला, हसले आणि उन्हात जाऊन पुन्हा बसले. तासाभरानं त्यांनी दुसरा कागद आणला. त्यात सावल्या नव्हत्या, देखणेपण नव्हतं. नुसत्या रेघा होत्या, दोनतीनदा चाचपडत काढलेल्या.

आबा कागद घेऊन सरळ कळपात गेले. एका काळ्या मेंढीच्या पोटाखाली हात घातला आणि तसेच थोडा वेळ वाकून राहिले.

"ही गाभण हाय," ते परत येऊन म्हणाले. "तुमाला कसं कळलं?"

"मला काहीच कळलं नाही," सर म्हणाले. "पोट उजवीकडं जरा उतरलेलं दिसलं, तसं काढलं."

"म्या रोज बघतो हिला. मला नाय दिसलं." आबांनी कागद पुन्हा न्याहाळला. "व्हय. हे व्हय."

सरांनी तो कागद आबांनाच दिला. आईनं तो पत्र्याच्या पेटीत ठेवला.

वार्षिक परीक्षेत चित्रांची सगळी वही बाहेरच्या परीक्षकांपुढं ठेवायची होती. फसलेली पानं मी काढून टाकणार होते. सरांनी ती काढू दिली नाहीत. "पहिल्यापासून लाव. तुझी नजर कशी बदलली, ते त्यांना बघू दे." परीक्षक बाई कडक होत्या. त्यांनी एकेक पान उलटलं, कोपरे वाचले.

"हे शेरे कुणाचे?"

"वडिलांचे."

"ते चित्रकार आहेत?"

"नाही बाई. मेंढरं राखतात."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. मग शेवटच्या दहा पानांतले 'व्हय' मोजले. सात होते. वही मिटून त्या दुसऱ्या मुलाच्या वहीकडं वळल्या.

मला एकसष्ट गुण मिळाले. वर्गात पहिली आले नव्हते, चौथी होते. आबांना सांगितलं तेव्हा ते जाळीच्या गाठी आवळत होते.

"शंभरातले एकसष्ट?"

"व्हय."

"मंग एकोणचाळीस बघायचे राह्यले की अजून," ते म्हणाले आणि दोरीचं दुसरं टोक मला धरायला दिलं.

पुढच्या वर्षी मी कापडावरच्या नक्षीचा विभाग निवडला. पहिलं काम मिळालं ते साडीच्या काठासाठी पक्षी काढायचं. बाकीच्यांनी ग्रंथालयातून जुन्या नक्ष्यांची पुस्तकं घेतली. मी पहाटेची एसटी धरून पैठणला गेले. धरणाच्या पाण्याकाठी बगळे उभे होते. एकाच्या समोर, चिखल चुकवत, मी बसले आणि हात लांब करून पेन्सिलीवर त्याच्या मानेचं माप घेतलं. तो उडून गेला. मग मी त्याच्या शेजारचा बघायला लागले.