वस्तादांची सही

कागद हातात घेण्याआधी मुन्शीजी हात धूत, उपरण्याला पुसत आणि मग म्हणत, "थांबा, पुन्यांदा बघू द्या." अजून एकदाही पाहिलेले नसे, तरी पुन्यांदाच! तुमच्याही ओळखीत असा एखादा धास्तावलेला जीव असेल.

धारूरच्या कचेरीबाहेर ते लोकांचे अर्ज लिहीत आणि फावल्या वेळी पोरांकडून अक्षरे गिरवून घेत. आत मी नकला उतरवीत असे. त्या काळी सिगारेटच्या पाकिटांतून पैलवानांची चित्रे निघत. तालमीतली माणसे त्यांवर पैलवानांच्या सह्या घेऊन जपून ठेवत. जत्रेत खोट्या सह्याही खपत. मग खरे-खोटे करायला सगळे मुन्शीजींकडे. भिंग लावून ते निकाल देत आणि संध्याकाळी त्या माणसाच्या घरी जाऊन तीच सही पुन्हा पाहत. आम्ही हसायचो.

एकदा नांदूरघाटची एक मावशी आली. तिचा मुलगा हैदराबादेत एका नामांकित वस्तादांकडे कुस्ती शिकत होता. शागीर्द खुशाल असला की वस्ताद आपल्या चित्रावर सही करून त्याच्या घरी धाडत, अशी त्यांची रीत. शहरात प्लेग पेटला होता. मावशीच्या मुठीत नुकतेच आलेले चित्र होते.

"मुन्शीजी, तुमच्याच हाताखाली शिकलेलं लेकरू हाय. बघा, सही वस्तादाचीच हाय न्हवं?"

मुन्शीजींनी वस्तादांची जुनी सही शेजारी ठेवली. तीनदा पाहिले.

"न्हाई, मावशी. ही सही वस्तादाची न्हाई."

चित्र तिथेच टाकून ती गेली. तिने अन्न सोडल्याचे बाजाराला आलेल्या माणसांनी सांगितले. मुन्शीजी रोज मला विचारत, "चुकलो तर न्हाई ना मी?" तुमची नजर कधी चुकलीय का, असे मी म्हणे. पण त्यांच्याकडे पाहून मलाही घास गिळवेना.

नवव्या दिवशी मुलगा धडधाकट घरी आला! आईला चार घास भरवून दुसऱ्या दिवशी तो धारूरला आला आणि मुन्शीजींच्या पाया पडला.

"वस्तादाचा हात मोडलाय. त्यांनी सांगितलं, म्हणून सही मी केली. अक्षर तर तुमीच गिरवून घेतलेलं, मुन्शीजी. वळखलं कसं न्हाई?"

मुन्शीजींनी त्याला जवळ ओढले आणि ते भर कचेरीपुढे रडले. त्यानंतर त्यांनी कुणाचीच सही पारखली नाही.

मुन्शीजी वारल्यावर त्यांची पेटी मीच उघडली. भिंग तळाशी फडक्यात गुंडाळलेले होते. वर ते चित्र होते. बोट फिरवून फिरवून त्यावरची सही पार पुसट झाली होती.