शिऱ्याने भरलेला वाडगा

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करणं आमच्या आईला जमतच नाही. नाशिकला असताना तिने एकदा उसनी आणलेली किसणीसुद्धा दोन लिंबं ठेवून परत केली होती.

फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीत आमच्या आखाती शहरात, आम्ही राहायचो त्या अल अझीझियाभोवती रोज एक नवा रस्ता खणला जात होता, त्यात आमच्या इमारतीत रंगकाम निघालं. खालच्या मजल्यावरची कोरियन शेजारीण कापडात गुंडाळलेला एक वाडगा माझ्याकडे सांभाळायला ठेवून गेली. राखाडी-हिरवा, त्यावर उडणारे पांढरे करकोचे. ओल्या मातीत नक्षी कोरायची, खाचांत पांढरी माती भरायची आणि भाजायचं, असं ते काम. तिने स्वतः केलेलं. मी ऑफिसला गेले आणि आईने त्यात शिरा भरून तो खाली नेऊन दिला.

संध्याकाळी शेजारीण वर आली ती डोळे सुजवूनच. त्यांच्याकडे पूर्वी असे वाडगे मेलेल्या माणसाबरोबर पुरत, आणि तिच्या आजारी आईने स्वतःसाठी हाच मागून ठेवला होता. तिने मला हे इंग्रजीत सांगितलं, मी आईला मराठीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र भडकली.

"आई जिवंत आहे ना हिची? मग ही इथे काय करतेय?"

"नवऱ्याचं स्टेडियमचं काम चालू आहे, त्याला रजा नाही. मुलं लहान आहेत."

"मुलं मी बघते. हिला म्हणावं, जा आणि आधी आईला यात जेवू घाल. पुरायचं मग बघू."

हे सांगायला माझी जीभ रेटेना. तरी सांगितलं. त्याच आठवड्यात शेजारीण वाडगा घेऊन माहेरी गेली आणि तिची मुलं दिवसभर आमच्याकडे राहू लागली.

मग फोनवर फोटो आला. वाडगा भाताने भरलेला, भातात उभा खोचलेला चमचा, त्यांच्यात गेलेल्यांना वाढतात तसा. मागे एका म्हातारीची तसबीर, काळी फीत लावलेली. खाली शेजारणीने लिहिलं होतं, एक दिवस उशीर झाला.

मोतीबिंदूमुळे आईला बारीक दिसत नाही. फोन डोळ्यांजवळ नेऊन ती म्हणाली, "भातच ना हा? जेवली का गं तिची आई?"

"जेवली," मी म्हणाले.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" आई म्हणाली, आणि त्या मुलांसाठी वरणभात कालवायला आत गेली.